‘जा’चं ‘गेला’ कसं झालं?

मैत्रिणींनो, मागे माझ्या हातून एक चूक झाली. मी अमरावतीला एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. चौथीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, ‘मी सुट्टीत अकोल्याला आजीकडे गेली.’ मी लाल शाईनं ‘गेली’ खोडलं, ‘गेले’ लिहिलं आणि वर वर्गात वाचूनही दाखवलं. पोरं हसली. त्यानंतर आठवडाभर ती पोर वर्गात बोललीच नाही.

घरी पोळ्या लाटताना एकदम मनात आलं, अगबाई, माझ्या अकोल्याच्या सासूबाईसुद्धा ‘मी गेली’च म्हणतात की! त्या का चुकतात? आपल्या वऱ्हाडात बायका असंच बोलतात. पुस्तकात मात्र ‘मी गेले’.

मुळात हे क्रियापदच खट्याळ! ‘बस’चं ‘बसला’, ‘उठ’चं ‘उठला’, मग ‘जा’चं ‘जाला’ का नाही? कारण इथे दोन जुने धातू एका संसारात नांदताहेत. ‘जा’ आला संस्कृत ‘या’वरून, ‘गेला’ आला ‘गत’वरून. स्पॅनिश भाषेतही तीच गंमत. तिथे ‘जाणे’ म्हणजे ‘इर’, ‘मी जाते’ म्हणजे ‘बोय’ आणि ‘मी गेले’ म्हणजे ‘फुई’! रोजच्या वापरातल्या भांड्यालाच पोचे पडतात ना, तसंच हे. आपली कर–केला, ये–आला, हो–झाला ही वाकडी रूपं पाहा, सगळी रोजचीच.

मुलांना शिकवताना वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे ‘घरी’, उजवीकडे ‘पेपरात’. मुलीसाठी असं लिहा:

मी जाऊन राहिली – मी जात आहे
मी गेली – मी गेले
मी गेल्ती – मी गेले होते
मी जाईल – मी जाईन
तू जाजो – तू जा

रोज एक ओळ पुरे. पण डावी बाजू खोडायची नाही हं! मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. मग आपल्या बोलीची लाज कशाला?

दुसऱ्या आठवड्यात मीच फळ्यावर लिहिलं, ‘मी काल अकोल्याला गेली.’ म्हटलं, “आता हे पेपरात कसं लिहायचं, कोण सांगेल?” त्या मुलीनं हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला.

आणि हो, निघताना आपण कुणी ‘जाते’ म्हणत नाही. तेव्हा, येते हं!