आत्याच्या फोनात न मावलेला कांदा

घोडेगावात कांदा मार्केटच्या रस्त्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. 2023च्या एप्रिलमध्ये आत्या आली. एका हातात कांदापट्टी, दुसऱ्यात कीपॅडचा फोन. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला सरकार क्विंटलमागं 350 रुपये देणार होतं, 200 क्विंटलपर्यंत. पण सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं मोबाईल ॲपवर फोटो काढून केलेली पिकाची नोंद, हवी होती.

"नोंद का नाही केलीस?"

"ह्यात ते ॲपच येत नाही रं."

खरं होतं. ते ॲप अँड्रॉइडचं, आणि तिच्या फोनात कायओएस ही प्रणाली. मोझिलाची फायरफॉक्स ओएस सगळ्यांसाठी खुली होती. मोझिलानं 2016 साली ती सोडून दिली, तेव्हा त्याच पायावर एका कंपनीनं स्वतःच्या मालकीची कायओएस उभी केली. 2017 साली 1500 रुपये अनामतीवर आलेला जिओफोन हिच्यावरच चालतो.

ही प्रणाली मला मनापासून आवडते. तिच्यातलं ॲप म्हणजे आतून छोटंसं वेबपानच, त्यामुळे 512 एमबी रॅमवर भागतं. आत्याचा फोन मी कितीदा उघडलाय. बटणांच्या फटीत माती आणि कांद्याचा पापुद्रा. ब्रशनं झाडायचं, बॅटरी बसवायची, फोन सुरू. एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको. लग्नपत्रिकेच्या नावानं येणाऱ्या अँड्रॉइडच्या एपीके फायलीनं बँक खाती रिकामी झालेली माणसं माझ्या काउंटरवर रडलीत. आत्याच्या फोनात ती फाईल चालतच नाही.

पण बाहेरचं काही आत येऊ न देणारं हे दार आपल्यालाही उघडता येत नाही. ॲप बनवणाऱ्यानं पाठ फिरवली की विषय संपला. जिओफोनवर 2018 साली व्हॉट्सॲप आलं तेव्हा केवढं कौतुक झालं! जून 2024मध्ये कायओएसवर ते नव्यानं घेणं बंद झालं. फोन धडधाकट, बॅटरी चांगली, तरी माणूस गावाच्या ग्रुपबाहेर. हे मला फार लागतं, कारण अशा फोनाला मी काय दुरुस्त करणार?

अनुदानाच्या वेळी पुढं गावपातळीवरच्या समितीची पाहणी ग्राह्य धरली गेली, म्हणून आत्याचं निभावलं. दर वेळी तसं होईलच असं नाही. एका अँड्रॉइड फोनवरून दुसऱ्या खातेदारांचीही पीक पाहणी करता येते. तेव्हा स्वतःची नोंद झाली की शेजारच्या बांधावर जा, आणि ज्यांच्याकडे कीपॅडचा फोन आहे त्यांच्याही पिकात उभं राहून फोटो काढून द्या.