घसाऱ्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'घसारा' हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. यंत्र झिजते, त्याची किंमत दरसाल कमी करून लिहावी लागते, तो घसारा. डोंगरात भटकणाऱ्यांचा घसारा निराळा. उतारावरची सुटी, पायाखालून निसटणारी खडी म्हणजे त्यांचा घसारा. हे दोन्ही घसारे एकाच बुटाच्या जोडीत एकत्र येतात, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लांजीला कळले.

लांजी हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले गाव, गोंदियाच्या सीमेजवळचे. माझी मावशी तिथे राहते. काका वनरक्षक आहेत. तिकडे त्यांना 'नाकेदार' म्हणतात. "मलाही डोंगरावर न्या," म्हणून मी त्यांच्या मागे लागलो, तेव्हा त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिले. "हे बूट कॉलेजात शोभतात," एवढेच म्हणाले.

त्यांच्या पायांत हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे 'हंटर' होते. सह्याद्रीत भटकणाऱ्या आपल्या मंडळींच्याही ते परिचयाचे आहेत. नाव शिकाऱ्याचे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, आणि शिकाऱ्याच्या नावाचे बूट शिकार रोखणाऱ्याच्या पायांत आले!

त्या दिवशी काकांबरोबर रोजंदारीवरचा एक चौकीदार यायचा होता, तो आला नाही. आदल्या पावसाळ्यात उतरताना त्याच्या बुटाचा चिकटवलेला तळ टाचेकडून उघडला, पाय मुडपला आणि घोट्याचे हाड मोडले. जोड त्याने बाजारातून स्वस्तात घेतला होता. दीड महिना प्लास्टर, दीड महिना मजुरी नाही. अजूनही तो चढावर येत नाही.

बूट आपण चढण्यासाठी घेतो, पण त्याची परीक्षा होते उतरताना. चढताना दम लागतो, एवढेच. उतरताना शरीराचा सारा भार दर पावलाला पुढे आदळतो, पाय बुटात सरकतो आणि बोटे पुढच्या टोकावर आपटतात. नखे काळी पडतात ती यामुळेच. म्हणून दुकानात नुसते उभे राहून बूट घेऊ नये. संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जाड मोजे घालून जावे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला, तर टाचेमागे एक बोट शिरायला हवे. मग नाडी आवळून एखाद्या उतरत्या फळीवर किंवा जिन्याच्या पायरीवर तोंड खाली करून उभे राहावे. बोटे पुढे टेकली, तर तो जोड परत द्यावा. दुकानदार काहीही म्हणो.

काकांची परीक्षा याहून रोखठोक. ते बूट दोन्ही हातांत धरून ओले धोतर पिळावे तसा पिळतात. मधोमध सहज वळला, तर तो दगडावर पायालाही तसाच वळू देणार. वाकायचा तो चवड्याजवळ वाकावा. मग टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबतात. ती दबता कामा नये, कारण घोटा स्थिर राहतो तो निम्मा त्या कडक भागामुळे. उंच गळ्याचा बूट घोट्याला आधार देतो खरा, पण टाच आत हलत असेल तर नुसत्या उंचीचा उपयोग नाही. वजनही पाहावे. पायातले ओझे पाठीवरच्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा कितीतरी अधिक थकवते, कारण ते दर पावलाला उचलावे लागते.

तळ हा तर स्वतंत्र विषय आहे. पूर्वी गिर्यारोहकांच्या चामडी बुटांना खालून खिळे ठोकलेले असत. काश्मीरच्या कड्यांवर शिकारीला जाणारे साहेब लोक मात्र तिथल्या माणसांसारख्या गवती चपला घालीत, कारण गवत ओल्या खडकाला धरते. १९३५ मध्ये इटलीतल्या आल्प्समध्ये वादळात सापडून सहा गिर्यारोहक मेले. त्यांचे बूट त्या हवेला अपुरे होते. त्यांचा सहकारी विताले ब्रामानी याने त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. 'विब्राम' हे नाव त्याच्याच नावावरून पडले. या खाचा खोल आणि एकमेकींपासून दूर असाव्यात. जवळजवळ असल्या तर चिखल अडकून बसतो आणि तळ सपाट होतो.

आपल्या कोल्हापुरीचे काय, असे कोणी विचारील. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तेव्हा या अंकाच्या दोन्ही विभागांचा तिच्यावर सारखाच हक्क. पण घसाऱ्यावर ती नको. टाच मोकळी राहते.

आता हिशेब. सहाशेचा जोड एक वर्ष टिकला, तर घसारा वर्षाला सहाशे. तीन हजारांचा चार वर्षे टिकला, तर साडेसातशे. म्हणजे वहीत स्वस्त जोडच जिंकतो! मी हे काकांना मोठ्या ऐटीत सांगितले. "यात त्याची दीड महिन्याची मजुरी धरलीस का?" त्यांनी विचारले. मी धरली नव्हती. पण ती धरूनही एक आकडा उरतोच: त्याच्याजवळ एका वेळी तीन हजार कधी असतात? तो रकाना कुठल्या बाजूला लिहायचा, ते मला अजून सापडलेले नाही.

परत आल्यावर मी शिलाईचा तळ असलेला एक जोड घेतला, सुट्टीत शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून. नवा बूट एकदम डोंगरात नेऊ नये, महिनाभर रोज घालून तो पायाला सरावू द्यावा, असे काकांनी बजावले आहे. म्हणून सध्या मी तो कॉलेजात घालून येतो. जिन्यावर जो दाणदाण आवाज होतो, तो माझा.