जोयड्याचे कंद

कारवारजवळ समुद्राला मिळणारी काळी नदी वर, जोयडा तालुक्याच्या रानात उगम पावते. तेथील कुणबी शेतकरी भाताच्या जोडीला परसात सुरण, कोनफळ, कणगी, अळू लावतात. पावसाच्या तोंडी लावलेला कंद हिवाळ्यात खणायचा, रानडुकरांनी ठेवला तर!

सुरण, अळू खाजतात ते त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. म्हणून हाताला तेल लावून चिरावे, चिंच किंवा आमसूल घालून चांगले शिजवावे. मूतखडा झालेल्यांनी बेतानेच खावे. मधुमेह असल्यास कंद खाल्ला त्या दिवशी भात कमी घ्यावा.

बियाण्याचा सुरण निरोगी निवडावा. प्रत्येक फोडीला डोळ्याचा भाग हवाच. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात, मगच लावाव्यात.