मज्जापेशीच्या फांद्या



आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार संघटनेत झाले. 'एकमेकांना धरून राहा' हा संघटनेतला पहिला धडा. तो आम्ही इतका मनावर घेतला, की एका संपात आमचे सारे कार्यकर्ते पुढच्या गेटवर गोळा झाले आणि मागच्या गेटने बदली कामगार आत गेले. तो संप आम्ही हरलो. पेशींना जोडून धरणाऱ्या प्रथिनांविषयी वाचताना त्याची आठवण झाली.

मज्जापेशीला झाडासारख्या फांद्या असतात. संदेश टिपणे हे त्यांचे काम. सगळ्या फांद्या एकाच जागी दाटल्या, तर तेथलीच खबर पुन्हा पुन्हा मिळेल, बाकीचा मुलूख कोरा राहील. म्हणून त्यांनी पसरले पाहिजे. पण समोर आलेली फांदी आपली की परकी, हे वाढत्या फांदीला कळावे कसे?

याचा उलगडा पिकल्या फळांवर बसणाऱ्या चिलटात झाला. त्याच्या मज्जापेशींवर डीस्कॅम नावाचे चिकटणारे प्रथिन असते. त्याचे चार भाग बदलते असून त्यांना १२, ४८, ३३ आणि २ पर्याय आहेत. गुणाकार करून पाहावा: ३८,०१६ प्रकार! प्रत्येक पेशी त्यांतले मोजकेच उचलते. म्हणून प्रत्येकीचा बिल्ला निराळा. मात्र एका पेशीच्या सर्व फांद्यांवर तोच. दोन सारखे बिल्ले भेटले की ते एकमेकांना चिकटतात, तशी खूण पेशीच्या आत जाते आणि फांद्या परस्परांपासून दूर वळतात. चिकटणे ही येथे दूर होण्याची पहिली पायरी आहे!

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे प्रथिन काढून टाकले, तेव्हा एकाच पेशीच्या फांद्या एकमेकींना ओलांडू लागल्या. उलट, एरवी एकाच जागेत नांदणाऱ्या भिन्न पेशींना एकच बिल्ला दिला, तेव्हा त्या एकमेकींना टाळू लागल्या. इतके प्रकार कशासाठी, तेही यावरून कळते: बिल्ले थोडे असते, तर शेजारीण आपलीच समजून पेशी मागे फिरली असती.

सस्तन प्राण्यांत असेच काम प्रोटोकॅडहेरिन नावाची प्रथिने करतात. त्यांच्या एका गटाची २२ जनुके उंदरातून काढली, तेव्हा डोळ्याच्या पडद्यातील काही पेशींच्या फांद्यांचा गुंता झाला. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

पेशींना हेतू नसतो; त्यांच्यावरून माणसांसाठी नियम काढू नयेत, हे आम्ही जाणतो. तरीही आपला माणूस ओळखावा आणि त्याने एक गेट धरले असेल तर आपण दुसरे धरावे, एवढे शहाणपण त्या संपात असते, तर बरे झाले असते.