बँक उंबरठ्याशी येते तेव्हा

नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतन घेणाऱ्या घरांत एका कागदाची आठवण निघते. तो कागद म्हणजे हयातीचा दाखला. नरखेड तालुक्यात याच सुमारास संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आलेला असतो. घरातील कर्ती माणसे बागेत गुंतलेली असतात आणि मोवाड, सावरगाव किंवा जलालखेड्याच्या एखाद्या घरात थकलेली आजी विचारीत असते, "मला बँकेत कोण नेणार?" कसेबसे तिथे पोहोचले तरी आयुष्यभर मातीत राबलेल्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ठसा स्वीकारीत नाही. पुन्हा यावे लागणार, या विचाराने अन्न गोड लागत नाही. पैशाची काळजी अशी हळूहळू प्रकृतीत उतरते.

माणसाने बँकेकडे जावे की बँकेने माणसाकडे, या प्रश्नाचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी माण तालुक्यातल्या लहानशा गावाने दिले आहे. ते देणाऱ्या चेतना गाला-सिन्हा या मूळच्या मुंबईच्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनी असताना त्या जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीकडे ओढल्या गेल्या. शेतकरी-कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी विवाह झाल्यावर त्या म्हसवडला आल्या आणि तिथल्याच झाल्या.

एके दिवशी लोहारकाम करणारी, रस्त्याकडेला राहणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. पावसाळ्यापूर्वी छपरावर ताडपत्री घालायची होती. एवढ्या लहान रकमेसाठी बँका तिचे खाते उघडीत नव्हत्या. चेतनाताईंनी ठरविले, की या बायकांची स्वतःचीच बँक असावी. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. बायकांनी हार मानली नाही. त्यांनी अक्षरे गिरवली. मग त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय तोंडी सांगू. १९९७ साली परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

बँक उघडली, तरी बायका येईनात. बँकेत यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, असे त्यांनी सांगितले. मग बँकेची माणसेच त्यांच्या दाराशी जाऊ लागली. पुढे कळले, की पासबुक घरी ठेवणेही अनेकींना नको आहे; ते नवऱ्याच्या हाती लागले तर साठविलेले पैसे जातात. त्यावरही वेगळी सोय काढण्यात आली. २०१२च्या दुष्काळात एक बाई चाऱ्यासाठी दागिना गहाण ठेवायला बँकेत आली. गावात पाणीच नसेल, तर जनावरांना नोटा खाऊ घालायच्या का, हा तिचा प्रश्न चेतनाताईंना चटका लावून गेला. बँकेच्या कामाच्या पलीकडे जाऊन त्यांनी म्हसवडला जनावरांची छावणी उभारली आणि हजारो शेतकरी कुटुंबे तिच्या आश्रयाला आली.

या साऱ्यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. समोरच्याची अडचण त्याच्याच तोंडून नीट ऐकून घेतली, की सेवेचा मार्ग आपोआप दिसू लागतो. आपल्या घरातील आजीची अडचणही आधी अशीच ऐकली पाहिजे.

आता काही सोयी नियमातच आहेत. त्या ठाऊक असल्या पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७मध्ये बँकांना सूचना दिल्या, की सत्तरीपुढील, तसेच दिव्यांग किंवा आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्यासाठी प्रयत्न करावेत. रोख रक्कम पोहोचविणे आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणे, यांचा त्यात समावेश आहे. सेवेला शुल्क पडते का, हे आपल्या शाखेत आधी विचारावे. निवृत्तिवेतनधारकाला निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेच्या कोणत्याही शाखेत हा दाखला देता येतो. केंद्र सरकारच्या 'जीवन प्रमाण' सुविधेत २०२१पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे. झिजलेल्या अंगठ्यावर तो चांगला उपाय ठरतो.

अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तिवेतनधारकासाठीही मार्ग आहे. सही करता येत नसेल, तर पैसे काढण्यासाठी हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र बँकेच्या परिचयाच्या दोन साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काळजीवाहकांनी हा नियम शाखेत नम्रपणे, पण ठामपणे सांगावा.

येथे सेवानिवृत्त बँक कर्मचाऱ्यांना एक विनंती. आपल्याला अर्जाची भाषा कळते, काउंटरपलीकडची पद्धत ठाऊक आहे. आठवड्यातून दोन तास गावातील वयस्करांचे अर्ज भरून द्यावेत. मात्र कोणाचा पिन किंवा ओटीपी विचारू नये, पैशाला हात लावू नये आणि सारे काम घरच्या माणसासमोर करावे. विश्वास जपणे हीच या सेवेची पहिली अट आहे. ज्यांना असा मदतनीस जवळ नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची 'एल्डरलाइन' आहे; तिचा विनामूल्य क्रमांक १४५६७.

मदत करणाऱ्याचेही यात हित असते. अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरातील ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षे मागोवा घेणाऱ्या, २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इतरांना आधार देणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. नुसता आधार घेण्याने मात्र तसा लाभ दिसला नाही. अशा अभ्यासावरून सेवा हे औषध आहे असे म्हणता येत नाही. पण निवृत्तीनंतर आपली कोणाला तरी गरज आहे ही जाणीव माणसाला सकाळी उभे करते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

म्हणून येत्या नोव्हेंबरात दाखल्याचा दिवस आधीच ठरवावा, शाखेत फोन करून वेळ विचारून घ्यावी आणि शेजारच्या आजोबांचाही कागद सोबत पाहावा. बागेतली तोडणी एका दिवसाने लांबली तरी चालेल. आजीला मात्र "मला कोण नेणार?" हे दुसऱ्यांदा विचारावे लागू नये.