स्वप्नफलाचा शोध : देशोदेशींच्या परंपरा

मनुष्याच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा निद्रेत जातो. त्या निद्रेत जे दिसते त्याचा अर्थ काय, हा प्रश्न राजापासून हमालापर्यंत सर्वांनाच पडत आलेला आहे. आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण घरोघरी ऐकू येते, आणि पुष्कळदा त्याच घरात स्वप्नफलाची एखादी लहानशी चोपडीही आढळते. म्हणीच्या मते स्वप्न हा सरलेल्या दिवसाचा पडसाद होय. चोपडीच्या मते ती येणाऱ्या दिवसाची वर्दी होय. हा वाद केवळ आपल्याच घरांतला नाही. अनेक प्राचीन संस्कृतींत तो झालेला आहे, आणि ज्यास रोज पैशाचे निर्णय घ्यावे लागतात त्या व्यापारी वर्गाने तो समजून घेणे उपयुक्त आहे.

आज उपलब्ध असलेल्या अतिप्राचीन स्वप्नग्रंथांपैकी एक ईजिप्त देशात, देर-एल-मदिना नामक कारागिरांच्या वस्तीत सापडला. हा पपायरस इसवी सनापूर्वी 13 व्या शतकातील असून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याची मांडणी पाहून आपणांस खातेवहीची आठवण व्हावी. प्रत्येक ओळीत प्रथम स्वप्न, नंतर ‘शुभ’ अथवा ‘अशुभ’ हा शेरा, आणि शेवटी फल. त्यातही ‘अशुभ’ हा शब्द तांबड्या शाईने लिहिलेला. स्वप्नात मोठे मांजर दिसले तर पीक उत्तम येईल. खोल विहिरीत डोकावल्याचे दिसले तर बंदिवास घडेल. आरशात आपले तोंड दिसले तर दुसरी बायको होईल, असे त्यात म्हटले आहे. यांतील कित्येक अर्थ केवळ शब्दांच्या उच्चारसादृश्यावरून बसविलेले आहेत. म्हणजे या फलांच्या मुळाशी अनुभव थोडा आणि भाषेचा खेळ अधिक होता.

असीरियाचा राजा असुरबनिपाल याच्या नाइनवे येथील ग्रंथालयात (इसवी सनापूर्वी 7 वे शतक) अकरा मृत्तिकापटांचा एक स्वप्नसंग्रह होता. त्याचे काही पट फल सांगण्यासाठी नसून अशुभ स्वप्नाची बाधा टाळण्याचे विधी सांगण्यासाठी आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वप्न म्हणजे न बदलणारा विधिलेख अशी तेथील समजूत नव्हती.

ग्रीस देशात विचाराने एक पाऊल पुढे टाकले. एपिडॉरस येथील अस्क्लेपिअस देवाच्या मंदिरात रोगी रात्री निजत आणि स्वप्नात उपचाराचा संकेत मिळण्याची वाट पाहत. उलटपक्षी ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने असे प्रतिपादन केले की, खरी ठरणारी बहुतेक स्वप्ने हा निव्वळ योगायोग असतो. कारण जो असंख्य बाण सोडतो त्याचा एखादा लक्ष्यावर लागणारच. रोमन वक्ता सिसेरो यानेही इसवी सनापूर्वी 44 मध्ये भविष्यकथनावरील आपल्या ग्रंथात स्वप्नफलाची कठोर चिकित्सा केली.

या दोन टोकांच्या मध्ये इसवी सनाच्या 2 ऱ्या शतकात आर्टेमिडोरस नामक ग्रंथकार होऊन गेला. त्याने पाच भागांचा स्वप्नग्रंथ लिहिला. त्यातील शेवटचे दोन भाग त्याने स्वतःच्या मुलासाठी लिहिले. विद्वान ज्यांना तुच्छ लेखीत अशा बाजारातील व जत्रांतील भविष्यवाद्यांशीही आपण पुष्कळ वर्षे संबंध ठेवला, असे तो सांगतो. त्याचा मुख्य सिद्धान्त असा की, एकच स्वप्न सर्वांस एकच फल देत नाही. ते पाहणारा कोण, त्याचा व्यवसाय कोणता, त्याच्या देशाचे रीतिरिवाज काय, हे विचारल्यावाचून अर्थ सांगू नये. ईजिप्तच्या ओळीत स्वप्नाचा भाव ठरलेला होता. आर्टेमिडोरसने मात्र प्रथम गिऱ्हाईक ओळखले.

भारतीय परंपरेतही हा विवेक प्राचीन आहे. बृहदारण्यक उपनिषदात स्वप्नावस्थेचे वर्णन असून तेथे रथ, घोडे आणि मार्ग नसतानाही आत्मा ते निर्माण करतो असे म्हटले आहे. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी फल देणारे व शरीरदोषातून उद्भवलेले. यांपैकी पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ मानावेत असा निर्णय तेथेच दिलेला आहे. सातांपैकी पाच बाद करणारा हा ग्रंथ स्वप्नावर विश्वास ठेवणाऱ्या काळातलाच आहे, हे विसरता कामा नये. पुढे 12 व्या शतकात जगद्देव याने ‘स्वप्नचिंतामणि’ हा स्वतंत्र ग्रंथ रचला. 1912 मध्ये तो जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध झाला.

जैन परंपरेत स्वप्नास किती महत्त्वाचे स्थान आहे ते वाचकांस सांगावयास नको. त्रिशलामातेने पाहिलेली स्वप्ने श्वेतांबर परंपरेत चौदा व दिगंबर परंपरेत सोळा मानली जातात. कल्पसूत्रातील प्रसंगात राजा सिद्धार्थ स्वप्नपाठकांस पाचारण करतो. ते पाठक शास्त्रातील स्वप्नांची संख्या बहात्तर सांगतात : त्यांपैकी बेचाळीस सामान्य आणि तीस महास्वप्ने. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. एकाच पाठकाने घाईने उत्तर दिले नाही. सर्वांनी आपसांत विचारविनिमय करून, अर्थाचा निश्चय झाल्यावरच राजास फल निवेदन केले. दिगंबर कथांत सम्राट चंद्रगुप्ताची सोळा स्वप्ने व आचार्य भद्रबाहूंनी सांगितलेला त्यांचा अर्थ प्रसिद्ध आहे. बारा फणांचा सर्प म्हणजे बारा वर्षांचा दुष्काळ, हा त्यांपैकी एक. परंतु याच परंपरेतील उत्तराध्ययन सूत्र असेही बजावते की, जो स्वप्न, लक्षण इत्यादी विद्या सांगून उपजीविका करीत नाही, तोच खरा भिक्षु. स्वप्नास मान आहे. स्वप्नाच्या धंद्यास नाही. आपल्या पूर्वसूरींनी ओढलेली ही रेषा फार मोलाची आहे.

अरब जगात स्वप्नफलाच्या शास्त्रात इब्न सिरीन हे नाव अग्रगण्य मानले जाते. बसरा शहरी राहणारा हा पुरुष 728 मध्ये निवर्तला. त्याच्या नावावर चालणारा स्वप्नग्रंथ उत्तरकालीन संकलन आहे असे अभ्यासक मानतात. तथापि त्याच्या चरित्राची परंपरा आपणांस विशेष वाटावी, कारण तो कापडाचा व्यापारी होता असे ती सांगते. त्याने एकदा मोठ्या रकमेचे तेल उधारीवर घेतले. एका भांड्यात मेलेला उंदीर निघाला, तेव्हा सर्वच मालाविषयी शंका घेऊन त्याने तो ओतून टाकला. परिणामी कर्ज फिटेना व त्यास कारावास भोगावा लागला, असे चरित्रकार लिहितात. स्वप्नांचा अर्थ सांगण्यात ज्याची ख्याती झाली, त्याने आपला सौदा स्वप्नावर सोपविला नाही. माल डोळ्यांनी पाहिला, आणि तोटा सोसून गिऱ्हाइकाशी सचोटी राखली.

याच्या उलट चित्र इटलीतील नेपल्स शहरी दिसते. तेथे ‘स्मोर्फिया’ नामक प्रसिद्ध सूची आहे. स्वप्नात दिसलेल्या प्रत्येक वस्तूस 1 ते 90 पर्यंतचा एक आकडा दिलेला असून लोक त्यावरून सोडतीत पैसे लावतात. मृत मनुष्य दिसला तर 47, आणि तो बोलला तर 48! आपल्या शहरांतही रात्रीच्या स्वप्नावरून सकाळी आकडा काढणारे लोक आहेत. हजारो लोक हजारो आकडे लावतात. त्यांतील एखाद्याचा लागतो आणि त्याचीच वार्ता गावभर होते. ज्यांचे बुडाले ते घरी गप्प राहतात. ॲरिस्टॉटलच्या बाणांचा दृष्टान्त येथे तंतोतंत लागू पडतो.

आधुनिक काळात व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ 1899 च्या नोव्हेंबरात बाहेर पडला; त्यावर साल मात्र 1900 छापले होते. त्यांनी स्वप्नाची दिशाच फिरविली. स्वप्न पुढचे सांगत नाही, ते मनातील दडपलेली इच्छा वेषांतर करून दाखविते, असे त्यांचे म्हणणे. या ग्रंथाच्या पहिल्या 600 प्रती खपावयास सुमारे आठ वर्षे लागली. फ्रॉइड यांची अनेक मते पुढील संशोधकांनी मान्य केली नाहीत. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठातील अझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठराविक अंतराने बंद पापण्यांखाली डोळे जलद हलू लागतात, आणि त्या वेळी उठविल्यास मनुष्य बहुधा स्वप्न सांगतो. प्रौढ मनुष्याच्या झोपेचा सुमारे पाव भाग या अवस्थेत जातो. स्वप्नांतील विषय बहुतांशी जागेपणीच्या काळज्या व व्यवहार यांच्याशी जुळतात, असेही नंतरच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे चरकाचे पहिले पाच प्रकार आणि आपली घरगुती म्हण या दोहोंच्या बाजूने प्रयोगशाळेने बरीचशी साक्ष दिली आहे.

मग स्वप्नाकडे मुळीच लक्ष देऊ नये काय? तसे नाही. एखाद्या व्यापाऱ्यास वारंवार गोदाम जळाल्याचे स्वप्न पडत असेल, तर त्याने फलाची चोपडी उघडण्याऐवजी विम्याचा कागद उघडावा. वसुली बुडाल्याचे दिसत असेल तर उधारीची खाती तपासावीत. स्वप्न भविष्य सांगत नसले तरी आपली चिंता कोठे साचली आहे ते दाखवू शकते, आणि तेवढ्यापुरते ते हितकारक होय. परंतु त्यावरून भाव ठरवू नये, भागीदारावर संशय घेऊ नये, मुलीचे स्थळ नाकारू नये, आणि आकडा तर कधीच लावू नये. ईजिप्तच्या लेखकाने ‘अशुभ’ हा शब्द तांबड्या शाईने लिहिला होता. आपल्या वहीत तांबडी शाई कोठे वापरावी, हे दिवसाच्या उजेडात जमाखर्च पाहूनच ठरवावे.