एका अक्षराचा शोध : सिकलसेलच्या संदर्भात जैवमाहितीशास्त्राचा परिचय

प्रास्ताविक

जीवशास्त्र, सांख्यिकी व संगणकशास्त्र यांच्या संयोगातून जैवमाहितीशास्त्र ही ज्ञानशाखा विकसित झाली. जनुकसंच, प्रथिने व जैविक व्यवस्था यांच्या अभ्यासात संगणक नेमके काय करतो आणि त्याच्या उत्तराची मर्यादा कोठे असते, हे इतर विद्याशाखांतील अध्यापकांनाही समजावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे उदाहरण घेतले आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके आदिवासीबहुल असून येथील काही जमातींत या विकाराचे जनुक आढळते. त्यामुळे हे उदाहरण आपल्याच वर्गातील विद्यार्थ्यांशी निगडित आहे.

जनुकाची पातळी

मानवी जनुकसंच ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असून त्याची लांबी सुमारे ३ अब्ज अक्षरे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर असते. त्यातील ‘जीएजी’ या त्रयीच्या जागी ‘जीटीजी’ आली की सिकलसेलचे जनुक तयार होते. असा फरक शोधण्यासाठी संगणक दोन अनुक्रम एकाखाली एक मांडतो. जुळणाऱ्या अक्षरास गुण दिले जातात, विसंगतीस व रिकाम्या जागेस दंड आकारला जातो आणि सर्वाधिक गुणांची मांडणी स्वीकारली जाते. ही पद्धत नीडलमन व वुन्श यांनी १९७० मध्ये मांडली. १९९० मधील ‘ब्लास्ट’ या आज्ञावलीने प्रथम छोटे तुकडे जुळवून प्रचंड संग्रहातील शोध जलद केला.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. आरंभीचे अमिनो आम्ल मोजले तर हा बदल ७ व्या स्थानी येतो, न मोजल्यास ६ व्या. जुनी पुस्तके व आजचे माहितीसंग्रह यांत दिसणारी तफावत यामुळेच आहे.

प्रथिनाची पातळी

या बदलामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, हे इन्ग्रॅम यांनी १९५० च्या दशकात दाखविले. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनमधील हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतील जलविरोधी खाचेत बसते. रेणूंचे तंतू बनतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. ‘अल्फाफोल्ड’ ही प्रणाली अनुक्रमावरून प्रथिनाची रचना वर्तविते व त्या कार्याला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये स्थान मिळाले. तथापि एका सुट्या साखळीची रचना दोन्ही प्रकारांत जवळपास सारखीच असते. दोष साखळीच्या घडीत नसून रेणूंच्या परस्परसंबंधात आहे.

व्यवस्थेची पातळी

एकच जनुकीय बदल असूनही विकाराची तीव्रता व्यक्तीगणिक भिन्न असते. जन्मानंतरही गर्भकालीन हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात राहिल्यास त्रास सौम्य होतो. अनेक व्यक्तींच्या जनुकसंचांच्या सांख्यिकीय तुलनेतून २००७-०८ च्या सुमारास ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा या प्रमाणाशी असलेला संबंध उघड झाला. त्याच आधारावरील जनुकसंपादन उपचारास २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली.

समारोप

तिन्ही पातळ्यांवर संगणकाचे उत्तर हे तुलनेचे उत्तर असते. ज्यांच्याशी तुलना करावयाची त्यांतच एखादा जनसमूह नसेल, तर त्याच्याविषयीचे निष्कर्ष दुबळे राहतात. या दृष्टीने आदिवासी समूहांसह सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली, ही महत्त्वाची घटना होय.

मात्र सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीस जनुकसंच वाचण्याची गरज नसते. रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी व त्यानंतरची निश्चिती पुरते. गरज असते ती अर्थ समजावण्याची. एकच सदोष जनुक असलेली व्यक्ती वाहक असते, रुग्ण नव्हे. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हा भेद न कळल्यास वाहक तरुणीच्या विवाहात निष्कारण अडथळे येऊ शकतात. म्हणून नमुना घेताना संमती, माहितीची गुप्तता आणि निष्कर्ष पाड्यापर्यंत समजेल अशा भाषेत पोहोचविणे, ही या शास्त्राची अंगेच मानली पाहिजेत. त्यांतील शेवटचे काम महाविद्यालयीन अध्यापकच सर्वाधिक समर्थपणे करू शकतात.